दुकानाच्या पायरीखाली

"तुला मेकअप लागणारच नाही," अनघाताई म्हणाल्या.

हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका होत्या. हसल्या. सगळ्या नाही हसल्या. पण ज्या हसल्या नाहीत त्या काही बोलल्याही नाहीत.

मी गुडघ्यांवर बसले होते. समोर एक बाई नऊवारी नेसून उभी होती आणि मी तिचा काष्टा नीट बसवत होते. माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही. मी बोलले नाही त्याचं कारण टाचण्या, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

"ऊठ, ये इकडे. तू अगदी परफेक्ट आहेस."

मस्कतमधल्या आपल्या मराठी लोकांच्या एका मंडळाचा कार्यक्रम होता. 'एकोणिसाव्या शतकातली पेठ.' त्या काळी लोक काय नेसायचे, काय घालायचे, कापड कसं खरेदी करायचे. तालीम चालू होती. सोहारहून एक बाई यायची होती, ती आलीच नाही. तिची भूमिका रिकामी राहिली. भूमिका झाडूवालीची.

अनघाताईंनी एक गोणपाट पुढे केलं. बासमती तांदळाचं पोतं. मध्ये डोकं घालायला भोक पाडलेलं, बाजूने हात काढायला दोन चिरा. पोत्यावरचं कंपनीचं नाव आतल्या बाजूला गेलं होतं, पण उलटी अक्षरं बाहेरूनही दिसत होती. मी ते माझ्या कुर्त्यावरून चढवलं. हातात झाडू दिला.

स्टेजवर प्लायवूडचं कापडाचं दुकान उभं केलेलं. पांढरी गादी, लोड, मागे कापडाची थानं. ती थानं मीच गुंडाळून रचली होती. एक इंजिनिअर पगडी घालून शेटजी झाले होते. चार बायका दुकानात बसून चंद्रकळा बघणार, काठ चिमटीत धरून घासाघीस करणार. आणि मी दुकानाच्या पायरीखाली रस्ता झाडत जायचं. एवढंच.

"वाकून चाल. अजून वाक. आणि खाली बघ, वर बघायचं नाही. त्या काळी वर बघत नसत," अनघाताई सांगत होत्या. "आणि हो, पायरीला शिवू नकोस हं. ऑथेंटिक वाटलं पाहिजे."

त्यांची मुलगी रिया पहिल्या रांगेत बसली होती. तेरा वर्षांची. इथेच जन्मलेली. तिने विचारलं, "आई, ती स्टेपला टच का नाही करायचं?"

"तेव्हा तसंच असायचं बेटा."

"बट का?"

"नंतर सांगते."

मी झाडत गेले. वाकून. खाली बघून. पायरीपासून हातभर लांबून. लाइट नीट पडला नाही म्हणून पुन्हा करायला सांगितलं. मी पुन्हा केलं.

दोनदा केलं. अनघाताई काय बोलल्या ते मी एक वेळ विसरेन. मी दोनदा केलं हे विसरणार नाही.

मी महाडकडची. बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर', त्यावरून काही कळत नाही. मस्कतला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी या आडनावाच्या आडोशाला राहिले. कुणी विचारलं मूळ कुठल्या, तर म्हणायचं, कोकणातली. एकदा एकीने विचारलं, "कोकणस्थ का?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, स्वतःलाच पटत नसल्यासारखी. मी म्हणाले, "कोकणातली." तिने पुढे विचारलं नाही. मी पुढे सांगितलं नाही.

नवरा लांब, दुक्म बंदराकडे असतो. वेल्डर आहे, प्रोजेक्टवर. दीड-दोन महिन्यांनी येतो, दोन दिवस झोपतो, जातो. मी दार्सैतला एका लेडीज टेलरच्या दुकानात काम करते. लायसन्स अर्बाबच्या, म्हणजे कागदोपत्री मालकाच्या नावावर. तो ओमानी माणूस वर्षातून दोनदा येतो, कहवा पितो, सह्या करतो, जातो. दुकान चालवतात हमीदभाई. दापोलीकडचे, साठी उलटलेले. कटिंग मी करते. अबाया, पंजाबी ड्रेस, ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म, काय येईल ते.

मंडळाची ऑर्डर आली तेव्हा मला आनंद झाला होता. हे सांगायला हवं. खूप आनंद झाला होता.

अनघाताई मंडळाच्या कार्यक्रमांच्या प्रमुख. नवरा तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कुरुमला व्हिला. त्यांनी जुने फोटो, चित्रं, पुस्तकं जमवली होती. टॅबवर मला एकेक मोठं करून दाखवायच्या. मी वाकून बघायची. शतकाच्या सुरुवातीची चोळी पुढे गाठीची. शेवटाशेवटाला पोलकं आलं, त्याला बाह्या लांब, गळा वर चढलेला, मनगटाला लेस, बटणं. पुरुषांचा अंगरखा बंदांचा, मग त्याच माणसाच्या अंगावर इंग्रजी कोट आला, पण खाली धोतर तसंच. एका फोटोत एक शिकलेली बाई नऊवारीवर जाकीट घालून, पायात मोजे आणि बूट घालून खुर्चीवर बसली होती. तिच्या जाकिटाचा खांदा कसा बेतला असेल याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी वर्तमानपत्रावर आकार काढून कापून बघितला. जमला.

त्यांच्या शिंप्याने आधी एका चोळीला हूक लावले होते. मी म्हटलं, "ताई, याला हूक नकोत. गाठच हवी. आणि शिवण काखेत अशी तिरकी जाईल."

"किती माहिती आहे गं तुला!" त्या म्हणाल्या. "आमच्या एम्ब्रॉयडरीवाल्या बाईपेक्षा तू जास्त डोकं लावतेस." चहा दिला. निळी फुलं असलेला कप, बशी, दोन बिस्किटं. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून प्यायले.

असं चार-पाच वेळा झालं.

मग मे महिन्यात मी एक दिवस सुट्टी मागितली. त्यांना त्या दिवशी मापं द्यायची होती. "काय आहे त्या दिवशी?" त्यांनी सहज विचारलं. मीही सहज सांगून टाकलं, "बुद्धपौर्णिमा आहे ना. दार्सैतला एकांच्या फ्लॅटवर वंदना असते आमची."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "अच्छा, अच्छा." तीनदा.

पुढच्या वेळी चहा कागदी कपात आला. "अगं, कप सगळे मशीनमध्ये आहेत," त्या स्वतःहूनच म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळीही कप मशीनमध्येच होते. मग त्यांनी सांगणं बंद केलं. मीही कपाकडे बघणं बंद केलं. माझ्या मनाला मी समजावलं की कागदी कप बरा, धुवायला नको.

इतकी सवय असते आपल्याला स्वतःची समजूत घालायची.

तालमीनंतर मी दुकानात आले तर हमीदभाई म्हणाले, "काय झाला गो? तोंड का उतरलाय?"

मी सांगितलं. गोणपाटाचं सांगितलं. पायरीचं सांगितलं.

ते बराच वेळ शिवलेल्या कपड्यांच्या पिशव्या इकडच्या तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "मोठी माणसा ती. त्यांना काय बोलतोय त्याचा भान नसतो. जाऊ दे. काम चांगला झालाय तुझा, ते बघ."

काम चांगलं झालं होतं. तेच तर मला डाचत होतं.

त्यांच्या चोळीच्या एका गाठीसाठी तीन पुस्तकं उघडली गेली. अंगरख्याचा बंद डावीकडे की उजवीकडे, यावर मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. विधवेचं अलवान नेमकं कुठल्या लाल रंगाचं, म्हणून पुण्याला कुणाला तरी फोन लावला. आणि आमच्या बाईसाठी? आमच्या बाईसाठी तांदळाचं पोतं. त्यासाठी कुणी पुस्तक उघडलं नाही. कुणी फोन लावला नाही. भोक पाडलं आणि दिलं.

आणि मी तरी? मला जाकिटाचा खांदा माहीत होता. माझी खापरपणजी काय नेसत होती ते मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी दुकान दुपारपर्यंत बंद असतं. मी आईला व्हॉइस मेसेज केला. इथून फोन नेटवर नीट लागत नाही, म्हणून आम्ही असंच बोलतो. विचारलं, "आई, त्या काळात आपल्या बायका काय नेसायच्या? खरं सांग. कापड कुठून घ्यायच्या?"

तासभर काही आलं नाही. मग एकामागून एक आठ मेसेज आले. आईचा आवाज, मागे कोंबड्या, मध्येच कुणाला तरी "थांब गो" म्हणणं.

"तुला आज कुठून आठवला हे?" पहिल्या मेसेजात एवढंच होतं.

मग तिने सांगितलं. तिला तिच्या आजीने सांगितलेलं, आजीच्या आईचं, म्हणजे माझ्या खापरपणजीचं. त्या बाईचं नाव आता कुणाला ठाऊक नाही. गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या वाट्याला यायचं. पांढरं. ते तसंच नेसलं तर लांबून ओळखू यायचं. म्हणून ती बाई हिरडे कुटून पाण्यात उकळायची, त्यात गंजकं लोखंड टाकायची आणि कापड काळं करायची. दोन तुकडे मध्ये जोडून लुगडं करायची. "तिचा जोड कुणाला दिसायचा नाय," आई म्हणाली. "मी नाय बघितला, पण आजी म्हणायची, हात फिरवला तरी लागायचा नाय."

मग लेकीच्या लग्नाला नवं लुगडं घ्यायचं ठरलं. आयुष्यातलं पहिलं विकतचं कापड. तालुक्याच्या बाजारात गेली. दुकानाच्या पायरीखाली, रस्त्यावर उभी राहिली. पायरीला शिवायचं नाही. थानाला हात लावायचा नाही. तिला लाल काठाचं हवं होतं. तिने बोटाने दाखवलं. शेट म्हणाला, "रंग मी ठरवणार." त्याने कोपऱ्यातलं एक उचललं आणि वरून फेकलं. झेललं तर कोरडं, सुटलं तर चिखलात. तिने झेललं. उलगडून बघितलं तर उंदराने कुरतडलेलं, मधोमध. ती म्हणाली, "शेट, फाटका आहे." शेट म्हणाला, "शिवलंस ना? आता तुझंच."

सातवा मेसेज छोटा होता. "मग तिने काय केला माहीत आहे? त्याच लुगड्याच्या कडेचे दोरे उपसले आनि त्याच दोऱ्याने भोक भरला. लेकीला लग्न झाला तरी कळला नाय भोक कुठे होता ते."

मी तो मेसेज चार वेळा ऐकला. कापडाचाच दोरा काढून रफू करणं सोपं नाही. मला अठरा वर्षं झाली या धंद्यात, माझं अजून तिच्यासारखं होत नसेल. ती बाई कारागीर होती. आणि तिला मी काल तांदळाचं पोतं नेसवून दोनदा रस्ता झाडायला लावलं होतं.

मी आईला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

आठवा मेसेज. "काय सांगायचा? शिवू नको, शिवू नको, हेच ऐकत आलो. म्हणून तर तुला शिवायला घातली क्लासला. झाला ना काम? मग?"

त्या आठवड्यात मी दुकानाचं काम आटोपून रोज थोडा वेळ एक लुगडं केलं. जाडं सुती कापड रुवीच्या बाजारातून आणलं. हिरडा मिळाला, एका काष्ठौषधीच्या दुकानात. पातेल्यात उकळला, गंजके खिळे टाकले. बाथरूममध्ये काळे डाग पडले ते अजून आहेत. मध्ये जोड दिला. एका ठिकाणी मुद्दाम भोक पाडून कडेच्या दोऱ्याने भरलं. माझा जोड दिसत होता. तरी केलं. ठिगळं लावली, त्यांना धावदोरा घातला. काळ्यावर काळा.

ते घेऊन कुरुमला गेले. अनघाताईंसोबत मंडळाच्या दोन बायका बसल्या होत्या. पुढ्यात कागदी कप आला. मी लुगडं टेबलावर पसरलं आणि सगळं सांगितलं. मढ्यावरचं कापड, हिरडा, बाजार, उंदीर. म्हटलं, "मी ती भूमिका करते. पण हे नेसून करते. आणि नुसती झाडत जाणार नाही. ती बाई पायरीखाली उभी राहून कापड मागेल. शेटजी वरून फेकतील. ती झेलेल. दोन मिनिटांचंच काम आहे, पण खरं आहे."

अनघाताईंनी लुगड्यावरून हात फिरवला. "बापरे, किती सुंदर केलंयस! हे म्युझियममध्ये ठेवण्यासारखं आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण हे नको."

"का?"

"अगं, हे नेसलं तर ती इतरांसारखीच दिसेल. लांबून काही कळणार नाही. फरक कळला पाहिजे ना."

फरक कळला पाहिजे.

"आणि ते फेकणं वगैरे," दुसरी बाई म्हणाली, "मुलं असतात गं समोर. आनंदाचा कार्यक्रम आहे."

"मग झाडू कशाला ठेवताय?" मी म्हणाले.

"ते वातावरणनिर्मितीसाठी."

मी लुगडं घडी करायला लागले. घडी वाकडी होत होती. म्हणाले, "मग मी करणार नाही. गोणपाट घालणार नाही. आमच्यातल्या कुठल्याच बाईने गोणपाट घातलं नव्हतं."

आमच्यातल्या. हा शब्द त्या घरात मी पहिल्यांदा उच्चारला.

"तू पर्सनली का घेतेस?" अनघाताई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. अगदी समजूत घालायच्या सुरात बोलत होत्या. "आम्ही तुला कधी वेगळं वागवलंय का? सांग बरं. कधी?"

माझ्यासमोर कागदी कप होता. त्यांच्या तिघींसमोर निळ्या फुलांचे. मी एका कपाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. त्या दोन बायकांपैकी एकीने आपला कप उचलून मांडीवर घेतला.

"बरं, नको करूस," अनघाताई म्हणाल्या. "मी बघते काय ते. कपडे मात्र वेळेवर दे हं."

मी उठले. टॅक्सीने दार्सैतला आले. वाटलं, जिंकले. दोन आठवडे मान वर करून फिरले. इस्त्री केली, बटणं लावली, सगळे कपडे वेळेवर दिले. कुणाच्या कपड्यात एक टाका कमी ठेवला नाही. तो माझा स्वभाव नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी मला बोलावलं होतं, नेसवायला आणि ऐनवेळी काही उसवलं तर शिवायला. मेकअपच्या खोलीत गर्दी. गजरे, नथी, अत्तर, हेअर स्प्रे. मी एकीचा पदर लावत होते आणि आरशात मागे मला कोपऱ्यात जमिनीवर बसलेली पद्मा दिसली.

पद्मा अनघाताईंच्या घरी काम करते. आंध्रातली, तिशीची. मराठी येत नाही. मला तीच चहा आणून द्यायची.

पद्माच्या अंगात ते गोणपाट होतं.

माझे हात तसेच थांबले. मी नाही म्हटलं होतं ना. त्यांचं काहीच अडलं नव्हतं. मी नको म्हटलं, तर ज्या बाईला नको म्हणता येत नाही तिच्या अंगावर चढवलं. मी माझ्यापुरती सुटले होते आणि दोन आठवडे त्याचाच तोरा मिरवत होते.

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुमको किसने बोला ये पहनने को?"

"मॅडम बोला. तीन मिनट का काम है बोला." ती मान खाजवत होती. गळ्यावर, दंडांवर लाल चट्टे उठले होते. "बहुत खुजली होता है, दीदी."

"मालूम है क्या करना है?"

"झाडू लेके जाना. नीचे देखना. वो सीढ़ी को हाथ नहीं लगाना."

"क्यों नहीं लगाना, मालूम है?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं मला तिला समजावून सांगावं लागेल. "मालूम है," ती म्हणाली. "हमारे गाँव में भी सीढ़ी है."

'आहे' म्हणाली. 'होती' नाही म्हणाली.

मी विचारलं, "उतारना है?"

ती दाराकडे बघत राहिली. बराच वेळ. अनघाताई बाहेर पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. पद्माचा व्हिसा त्यांच्या घरावर आहे, तिचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे, हे मला ठाऊक होतं. मी पुन्हा विचारलं नाही. ओढलंही नाही. तिचं तिला ठरवू दिलं.

तिने उभं राहून गोणपाट डोक्यावरून काढलं. आत तिचा स्वतःचा पिवळा पंजाबी ड्रेस होता. गोणपाटाची तिने नीट घडी केली, सवयीने, आणि माझ्या हातात दिली.

मी पिशवीतून कात्री काढली. दहा इंची, कटिंगची. सुतळीचं विणकाम आहे, सहजासहजी कापलं जात नाही. मोठा करकर आवाज झाला. बायका वळून बघायला लागल्या. मी उभं कापलं. मग आडवं कापलं. मग पुन्हा. तुकडे मी टेबलावर ठेवले, गजऱ्यांच्या शेजारी.

अनघाताई आत आल्या. "हे काय केलंस?"

"माझं काम. कटिंग."

"वीस मिनिटांत पडदा आहे! पद्मा, तुम चलो, ऐसेच चलो, ऊपर से कुछ लपेट देंगे..."

"मेरे को नहीं जाना, मॅडम," पद्मा म्हणाली. आवाज अगदी बारीक. पण सगळ्यांनी ऐकला.

"दोघींनी ठरवून माझ्या कार्यक्रमाची वाट लावताय?"

"तुमचे सगळे कपडे टांगलेले आहेत," मी म्हणाले. "एकालाही हात लावलेला नाही. बघून घ्या." मग जरा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे शतक तुम्ही आमच्याशिवाय करून दाखवा."

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मी आणि पद्मा त्या खोलीतच बसून ऐकत होतो. शेटजींच्या विनोदांवर हशा पिकला. चंद्रकळेच्या घासाघिशीला टाळ्या पडल्या. जाकीटवाली बाई आली तेव्हा तर शिट्ट्याही झाल्या, तो खांदा चांगलाच बसला होता. झाडूवाली आलीच नाही. हॉलमधल्या एकाही माणसाला काही कमी वाटलं नाही.

हे मला तालमीतल्या त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचं थोडक्यात. मंडळाच्या बायकांनी दुकानात येणं सोडलं. एक आली होती, आपला अर्धा शिवलेला ब्लाऊज परत न्यायला, माझ्याशी न बोलता. पद्मा एका शुक्रवारी रुवीला भेटली. मी घाबरत विचारलं, "मॅडमने त्रास दिया?" ती म्हणाली, "दो हफ्ता बात नहीं किया मेरे से. अच्छा था, दीदी. शांति था." हसली. मग म्हणाली की पासपोर्ट अजून त्यांच्याकडेच आहे. आपल्या वकिलातीत अशी तक्रार देता येते हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही माहिती काढतो आहोत.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. दुक्मच्या वाऱ्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय."

"माहीत आहे."

"अर्बाबने नाही सही केली तर?"

"तर नाही."

त्याने फोन ठेवला नाही. आम्ही दोघं नुसते फोन कानाला लावून उभे होतो.

परवा सकाळी हमीदभाई माझ्या टेबलाशी आले. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे दर वर्षी मंडळाच्या ओळखीने येतात. त्यावरून अनघाताईंचा निरोप होता. "ताई म्हणतायत, ग्रुपवर दोन शब्द माफीचे लिहून टाक, विषय खलास. ऑर्डर आली तवापासून मी आहे ग्रुपवर. मी लिहितो, तू सांग फक्त." त्यांचा चष्मा नाकावर, बोट फोनवर तयार. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. दुकान त्यांनी तीस वर्षं सांभाळलं आहे. मला इथे त्यांनीच आणलं. त्यांना दुखवायचं माझ्या जिवावर आलं.

"लिहा," मी म्हणाले.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. ते लिहिलं. गावाचं नाव सांगितलं. ते लिहिलं. मग मी म्हणाले, "पुढे लिहा. मी बौद्ध आहे. माझे पूर्वज महार. ज्या बाईला तुम्ही गोणपाट घालणार होता ती माझी खापरपणजी. मी कापलं ते बरोबर केलं. मी माफी मागणार नाही."

हमीदभाईंचं बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असाच लिहू?"

"असंच."

"मग ऑर्डर येयाची नाय गो."

"न येवो."

त्यांनी लिहिलं. एकेक अक्षर शोधून, हळूहळू. वाचून दाखवलं. एक शब्द चुकला होता, तो मी दुरुस्त करून घेतला. मग म्हणाले, "पाठवू?"

"पाठवा."

त्यांनी पाठवलं.

व्हिसा वाढेल की नाही मला माहीत नाही. हमीदभाईंनी आणखी किती दिवस माझी बाजू धरावी, हेही मी त्यांच्यावर लादणार नाही. पण अर्ज-विनंत्या करणार नाही. कुणाच्या मध्यस्थीने रडगाणं गाणार नाही. इथे राहिले तर नाव, गाव, जात सांगून राहीन. परत गेले तर तेच सांगत जाईन. आडोसा खलास.